योगिताचा उजवा हात

पाण्याचं इंजेक्शन औषधाच्या इंजेक्शनपेक्षा जास्त दुखतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. डिस्टिल्ड वॉटरची छोटी कुपी असते, ती पावडरचं औषध विरघळवायला वापरतात. त्यातलं नुसतं पाणी स्नायूत गेलं की आग आग होते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "नाटकी पेशंट ओळखायला शीक. दोन सीसी पाणी भरायचं आणि म्हणायचं, हे फार पॉवरफुल आहे. पुन्हा येत नाहीत." आणि खरोखरच बहुतेक पुन्हा येत नसत. त्याला आम्ही गुण आला असं म्हणायचो.

भिवंडीत पालिकेच्या एका दवाखान्यात मी एकतीस वर्षं स्टाफ नर्स होते. दोन खोल्या, एक व्हरांडा, औषधाची खिडकी आणि भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा कारखाना. लूमची खटखट इतकी की डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून छातीऐवजी कारखानाच ऐकू यायचा. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. लाइट गेले की सगळं शहर वैतागायचं, आमचे डॉक्टर मात्र उठून म्हणायचे, "चला, आता दम्याचे पेशंट आत घ्या." अंधारात आणि घामात का होईना, छाती नीट ऐकायला मिळायची.

ताप, जुलाब, टीबी, कुत्रं चावलेलं, मागात बोट गेलेलं, हे सगळं आम्हाला हाताळता यायचं. म्हातारी माणसं, लहान मुलं, बाळंतिणी यांचं काय करायचं तेही यायचं. पेचात पडायचो ते बारा ते सोळा-सतरा वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत. ही मुलं येत ती बहुधा आईच्या मागे अंग चोरून. पोटात दुखतं, डोकं दुखतं, चक्कर येते, श्वास अडकतो. तपासलं तर काही नाही. रक्त बरं, लघवी बरी. मग आम्ही आईकडे बघून हसायचो आणि विचारायचो, "परीक्षा जवळ आली का?"

आठवीतला एक मुलगा वर्षभर डोकेदुखीच्या गोळ्या नेत होता. एकदा कमरेत इंजेक्शन द्यायचं म्हणून मी त्याचा शर्ट वर केला, तर पाठीवर पट्ट्याचे वळ, काही जुने, काही ताजे. मी त्यांवर मलम लावलं आणि त्याला म्हटलं, "बापाला राग येईल असं वागू नकोस रे." केसपेपरवर लिहिलं: डोकेदुखी. तो मुलगा पुढे यायचा बंद झाला. त्याचं काय झालं, मला माहीत नाही. तेव्हा मला त्यात काही चुकलं असंही वाटलं नव्हतं. ते वाटायला योगिता यावी लागली.

तिचं खरं नाव योगिता नाही. या लेखातली सगळीच नावं मी बदलली आहेत.

ज्या पावसाळ्यात चिकनगुनियाने अख्ख्या भिवंडीला वाकवलं होतं, त्यानंतरच्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा आली. पंधरा वर्षांची, दहावीत. सोबत आई, भारतीबाई. अंजूरच्या बाजूच्या एका गावातली माणसं. खाडीकाठची शेती होती, तिच्यावर भराव टाकून गोदामं झाली, तशी घरंही सुधारली. आईच्या गळ्यात सोनं होतं, पण दोघींच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"चालत आलात?" मी विचारलं.

"काय करू सिस्टर, ही रिक्षान बसतच न्हाय," भारतीबाई म्हणाल्या. "पोटान दुखतं हिच्या. सकाळ झाली का उलटी. साळंला जायच्या टायमालाच."

शाळेच्या वेळेलाच. आमच्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी दोघी पुन्हा आल्या, पुन्हा चालत. त्या दिवशी व्हरांडा भरलेला होता आणि माझ्या मदतीची सिस्टर रजेवर होती. मी पाणी भरलं.

"हे फार पॉवरफुल आहे," मी म्हटलं, "आणि आता नाटकं पुरे. दहावीचं वर्ष आहे."

सुई टोचली तेव्हा ती हलली नाही. या इंजेक्शनला मोठी माणसं ओरडलेली मी बघितली आहेत. ती दाराच्या चौकटीकडे बघत राहिली आणि मी कापूस दाबत असताना हळूच म्हणाली, "अजून एक द्या ना."

दुपारी चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना हसत हसत सांगितलं, की आज एक पेशंट अशी आली, पाण्याचंही तिला व्यसन लागलं. सगळे हसले. आमचे नवे मेडिकल ऑफिसर डॉ. मोमीन मात्र हसले नाहीत. मोमीन इथलेच. वडिलांचे आठ माग होते, त्या खटखटीत अभ्यास करून हा मुलगा डॉक्टर झालेला. ते म्हणाले, "सिस्टर, दुखणारी चीज कोणी दुसऱ्यांदा मागतं का?" मी म्हटलं, "सर, तुम्हाला अजून यांची नाटकं माहीत नाहीत." ते चहा संपवून उठले. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते.

नंतर महिना-दीड महिना ती आली नाही. गुण आला असं मी समजले.

ती परत आली ती पोटावर टाक्यांचा व्रण घेऊन. पोटदुखी थांबेना म्हणून घरच्यांनी तिला एका खासगी नर्सिंग होममध्ये नेलं होतं. तिथे अपेंडिक्स काढलं. भारतीबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवले. काढलेला भाग तपासणीला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट डॉ. मोमीननी दोनदा वाचला. त्यात सूज नव्हती, काहीच नव्हतं. एक चांगला अवयव त्या मुलीच्या पोटातून काढून टाकला होता. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. भारतीबाईंसमोर ते काही बोलले नाहीत.

"पोट आता न्हाय दुखत," भारतीबाई म्हणाल्या. "पण पंधरा दिसांनी हा हात गेला."

उजवा हात. बोटं अर्धवट मिटलेली, सैल. पेन धरता येत नव्हतं, वेणी घालता येत नव्हती. आधी घरच्यांना चिकनगुनिया वाटला. मग भगताकडे नेलं, त्याने कोंबडा मागितला. मग कोणी सांगितलं म्हणून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. सांधे धरलेली माणसं तिथे जातातच. योगिता काठावर बसली आणि तिने सगळ्यात कढत कुंडात हात घातला. लोक पाय बुडवून लगेच वर काढतात, असं ते पाणी. आई मावशीशी बोलत होती. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष गेलं, तरी पोरीचा हात पाण्यातच. बाहेर काढला तेव्हा तो लालबुंद झाला होता आणि दुसऱ्या दिवशी पंजाच्या मागच्या बाजूला भला मोठा फोड आला.

त्या फोडाच्या ड्रेसिंगसाठी ती माझ्यापुढे बसली होती. फोड फुटून खालची कातडी उघडी पडलेली. तिथे नुसता वारा लागला तरी माणूस दात-ओठ खातो. मी मेलेली कातडी कापून काढत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. माझी कात्री थांबली. मी डॉ. मोमीनना हाक मारली.

त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणीने कोपरापासून खाली टोचत आले. "कळलं तर हो म्हण." हो, हो, हो. मनगटाच्या हाडापाशी आल्यावर हो थांबलं. त्यांनी पुन्हा केलं, आतल्या बाजूने, बाहेरच्या बाजूने, आणि जिथे जिथे हो थांबलं तिथे बॉलपेनने खूण केली. खुणा जोडल्या तर मनगटाभोवती एक गोल रेघ तयार झाली. बांगडी भरावी तशी.

मला बाजूला घेऊन त्यांनी जे समजावलं ते मी इथे सोप्या शब्दांत सांगते. आपल्या नसा हाताच्या लांबीने खाली उतरतात, एखादी करंगळीच्या बाजूने, एखादी अंगठ्याच्या बाजूने. नस बिघडली तर बधिरपणा तसाच, लांब पट्ट्यासारखा येतो. मनगटापाशी गोल कापल्यासारखा तो येत नाही.

"म्हणजे खोटं बोलते ना?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही कातडी कापली सिस्टर, तिचा श्वाससुद्धा बदलला नाही. इतकं खोटं कोणाला जमतं? हा हात तिच्या मनाने बंद केलाय. तिला विचारून केलेला नाही." मग ते म्हणाले, "काहीतरी झालंय. या हातालाच झालंय."

भारतीबाईंना त्यांनी विचारलं, घरात काही झालं होतं का. त्या पटकन म्हणाल्या, "काय न्हाय." इतक्या पटकन, की ते मलाही कळलं.

ड्रेसिंगचं काम असं असतं की हात कामात असतात आणि तोंड मोकळं. पेशंटचंही आणि आपलंही. शिवाय दोघांची नजर जखमेवर असते, एकमेकांकडे बघावं लागत नाही. योगिता दिवसाआड येत होती. मी भारतीबाईंना औषधाच्या रांगेत उभं करायचे. ती रांग अर्ध्या तासाची. पहिल्या दोन खेपा मी काही विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला म्हटलं, "योगिता, मी तुला ते इंजेक्शन दिलं होतं ना, त्यात औषध नव्हतं. नुसतं पाणी होतं. तुला दुखावं म्हणून दिलं होतं. माझं चुकलं."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत पेशंटची माफी मी पहिल्यांदा मागत होते. ती म्हणाली, "मला बरं वाटलं होतं त्याने." मग म्हणाली, "दर्शनाला जास्त दुखलं असेल ना?"

दर्शना कोण, हे मला विचारावं लागलं नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्या रस्त्यावर गोदामाच्या गेटपाशी ट्रेलरने रिक्षा चिरडली आणि एक शाळकरी मुलगी गेली होती, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. रिक्षात दुसरी एक मुलगी होती आणि तिला खरचटलंसुद्धा नाही, केवढं नशीब, असंही लोक बोलत होते. ती दुसरी मुलगी दोन महिने माझ्याकडे पायी चालत येत होती आणि मी तिला परीक्षेचं विचारत होते.

पुढचं तिने मला पाच-सहा ड्रेसिंगमध्ये तुकड्या-तुकड्याने सांगितलं. मी सलग लिहिते.

दर्शना आणि ती शेजारी, पहिलीपासून एका बाकावर. त्या दिवशी सकाळी रिक्षात दोघीच होत्या. दर्शना कडेला बसली होती. गोदामाच्या गेटसमोर एक लांब ट्रेलर मागे घेत होते. अशा वेळी रस्त्यात एक माणूस उभा राहतो, शिटी वाजवतो, दोन्हीकडची वाहनं थांबवतो आणि ड्रायव्हरला हाताने 'आने दो, आने दो' करतो. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं, त्याला तो हातच दिसतो. तो माणूस फोनवर बोलत होता. त्याने एका हाताने रिक्षाला जा म्हणून खूण केली आणि रिक्षा निम्म्यात असतानाच त्याच हाताने ट्रेलरला 'आने दो' केलं. ट्रेलरची मागची बाजू रिक्षाला घेऊन गोदामाच्या भिंतीला टेकली.

रिक्षावाला बेशुद्ध झाला, त्याला पुढे काही आठवलं नाही. योगिता दुसऱ्या बाजूने बाहेर फेकली गेली. दर्शना अडकली होती. तिचा फक्त एक हात पत्र्यातून बाहेर होता. तो योगिताने धरला. क्रेन यायला वेळ लागला. तोवर दर्शना बोलत होती. मग बोलायची थांबली. योगिताने हात सोडला नाही. शेवटी त्या शिटीवाल्या माणसानेच तिची बोटं एकेक करून सोडवली.

तो माणूस मधुकर, योगिताचा सख्खा मोठा काका. ज्या गोदामात ट्रेलर शिरत होता ते यांच्याच जमिनीवर उभं होतं आणि तिथे माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका त्याचा होता.

त्याच संध्याकाळी काकाने तिला समोर बसवलं. "तू घाबरून डोळं मिटलं होतंस. तू काय बघितलं न्हाय," तो म्हणाला. वडील शेजारी बसले होते, ते मान खाली घालून राहिले. मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर ते कधी नव्हतेच. पोलिसांपुढे तिनेही तेच सांगितलं. ट्रेलरचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, पन्नाशीचा माणूस, कल्याणच्या जेलात होता. तो प्यायला होता असं सगळं गाव सांगत होतं.

"प्यायला नव्हता," योगिता म्हणाली. "तो खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला होता."

हे ऐकल्यावर मी काय केलं ते लिहायचं म्हणून हा लेख लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. मी दाराकडे बघितलं आणि तिला म्हटलं, "हे दुसऱ्या कोणाला सांगू नकोस हं."

माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. मधुकरचं वजन मला माहीत होतं. आमचं घर गावाच्या कडेला, आमची वस्ती वेगळी. माझा धाकटा भाऊ त्याच गोदामात सुपरवायझर होता आणि ती नोकरी मधुकरनेच लावून दिली होती. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं आणि तोंडातून ते वाक्य निघालं. योगिताने मान हलवली. तिला सवयच झाली होती.

दोनच दिवसांनी मधुकर स्वतः दवाखान्यात आला. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. बाकावर न बसता उभाच राहिला.

"सिस्टर, पोरगी काय बोलते का?"

"हात दुखतो म्हणते," मी म्हटलं. खरं तर ती हात दुखत नाही म्हणत होती.

"बरी होईल ना?"

"होईल."

तो जाईना. व्हरांडा रिकामा होईपर्यंत थांबला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "झोपेची गोळी हाय का? मना झोप येत न्हाय. डोळा लागला का शिटी ऐकू येते."

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देता येत नाही. तो "असू द्या" म्हणाला आणि निघून गेला. त्याची भीती वाटत होती ती तेव्हापासून थोडी कमी झाली, पण त्यामुळे सगळं आणखीच अवघड झालं. मला तो नुसता वाईट माणूस असायला हवा होता.

चार दिवस मी हे पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तर जखम बरी झाली होती. म्हणजे योगिता यायची बंद होणार होती. त्या दिवशी मी डॉ. मोमीनना सगळं सांगितलं. भावाची नोकरीसुद्धा सांगितली.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पोलिसांचं नंतर बघू. आधी तिला मनाच्या डॉक्टरकडे पाठवायला पाहिजे."

आमच्या भागात हे बोलणं सोपं नव्हतं. 'ठाण्याला न्यायला पाहिजे' म्हटलं की वेड्यांचं इस्पितळच, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला समजवावं लागत नाही. डॉ. मोमीनच्या ओळखीच्या एक मॅडम कल्याणला बसायच्या. भारतीबाईंना मी सांगितलं, हाताच्या नसांच्या डॉक्टर आहेत. हे खोटं होतं आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघी एसटीने गेलो. योगिता खिडकीकडे पाठ करून मधल्या दांड्याला धरून उभी राहिली, डाव्या हाताने. जागा असून बसली नाही.

मॅडम पहिल्या दिवशी अपघाताबद्दल बोलल्याच नाहीत. झोप कशी लागते, कुठला आवाज सहन होत नाही, सकाळी उलटी होण्याआधी काय आठवतं, असं विचारत होत्या. नंतर त्यांनी भारतीबाईंना आत घेऊन समजावलं. आपल्या लेखी गोष्ट घडून गेली, पण या मुलीच्या शरीराच्या लेखी ती अजून चालू आहे. तोंडाने सांगायची बंदी केली, म्हणून पोट सांगत होतं. पोटाचं कोणी ऐकलं नाही, तर हात सांगायला लागला.

भारतीबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर एसटी स्टँडवर मला म्हणाल्या, "सिस्टर, मना ठावूक होता. भावजींनी माझ्यासमोरच सांगितला तिला. मी चाय करत होती." त्यांनी तेव्हा मध्ये पडून काही म्हटलं असतं तर, असं मी विचारू शकत नव्हते. माझ्याच हातून काय झालं होतं ते मला माहीत होतं.

दर पंधरवड्याला त्या दोघी कल्याणला जाऊ लागल्या. औषध होतं, थोडं. बाकी बोलणं. मॅडम तिला ती सकाळ पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या, प्रत्येक वेळी थोडी जास्त. मला ते क्रूर वाटायचं. परत आली की ती दोन दिवस जेवत नसे. पण सकाळच्या उलट्या थांबल्या. दहावीची परीक्षा मात्र त्या वर्षी हुकलीच.

आणि एक दिवस ती एकटीच दवाखान्यात आली, पहिल्यांदा रिक्षाने, पांढरीफटक पडून. म्हणाली, "मला दर्शनाच्या आईला सांगायचंय. तुम्ही येता?"

मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. भावाचं डोक्यात होतंच.

दर्शनाची आई मंदाताई अंगणात सुकट निवडत बसली होती. योगिता तिच्यासमोर जमिनीवर बसली. शिटी, फोन, काकाचा हात, सगळं सांगितलं. मंदाताईचे हात थांबले होते. संपल्यावर तिने काकाबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "ती काय बोलत होती?"

योगिता सुपातल्या सुकटीकडे बघत राहिली.

"सांग. मना कोणी सांगत न्हाय. सगळी बोलतात, जागेवर गेली, तिला काय कळलं न्हाय."

"पाणी मागत होती, काकी."

"दिलंस?"

"न्हाय." योगिताने डाव्या हाताने उजवा पंजा धरला. "पाणी समोर गेटवर होतं. आणायचं तर हात सोडायला लागला असता. ती बोलली सोडू नको. आणि पाणी पण मागत होती. मी न्हाय सोडला."

मॅडमनासुद्धा तिने हे सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की काकाचं नाव हीच तिच्या आतली मोठी गाठ. ती खरी, पण त्याच्याही खाली हे होतं.

मंदाताई उठली, सूप उचललं आणि आत गेली. दार लोटून घेतलं. आम्ही अंगणात थांबलो. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाताई आणि तिचा नवरा पोलीस ठाण्यात गेले. योगिताचा जबाब पुन्हा घेतला. या वेळी भारतीबाई सोबत बसल्या होत्या आणि नवऱ्याने घरात घेणार नाही म्हटलं तरी उठल्या नाहीत. मधुकरवर गुन्हा दाखल झाला. त्याला अटक झाली, जामीन झाला, केस वर्षानुवर्षं चालली. ट्रेलरचा ड्रायव्हर सुटला. तोवर त्याचे आठ-नऊ महिने आत गेले होते. तो गावी निघून गेला. त्याचं पुढे काय झालं, इथे कोणालाच माहीत नाही. माझ्या भावाची नोकरी गेली. तो माझ्याशी चार वर्षं बोलला नाही. आई वारली तेव्हा बोलला.

योगिताच्या हाताला हळूहळू जाग आली. आधी करंगळी, मग बाकीची बोटं. एक दिवस भाजलेल्या जागेला खाज सुटली म्हणून ती रडली आणि भारतीबाईंनी मला ती बातमी पेढ्यासारखी सांगितली. पकड पुरती आली नाही. गावात राहणं कठीण झालं, म्हणून तिला पेणला मामाकडे पाठवलं. तिथून ती दहावी झाली, पुढे डी.एड. झाली.

मी त्यानंतर पाण्याचं इंजेक्शन कोणाला दिलं नाही. नव्या मुलींनाही देऊ दिलं नाही. पोट, डोकं, चक्कर घेऊन येणाऱ्या त्या वयाच्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारू लागले: "दुखायला लागलं त्याच्याआधी काय झालं होतं?" बहुतेक वेळा उत्तर काहीच नसायचं, जंत निघायचे. काही वेळा मात्र ते पोर आधी आईकडे बघायचं. मग मी आईला औषधाच्या रांगेत पाठवायचे. जी उत्तरं मिळाली त्यांतली सगळी इथे लिहिण्यासारखी नाहीत. निम्म्याहून जास्त वेळा मी काही करूही शकले नाही.

योगिता पेणला गेली त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात मंदाताई भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, त्या पोरीला निरोप द्या माझा. बोला, काकी तुझ्यावर रागावली न्हाय. तू हात न्हाय सोडलास ते बरं केलंस." मग पिशवी उचलता उचलता म्हणाली, "पण तिला बोला, इथं येऊ नको. मना बघवत न्हाय तिला. ती जिती दिसते."

मी निरोप दिला. पहिला तेवढाच. दुसरा दिला नाही. सुट्टीला योगिता गावी यायची तेव्हाही मी बोलले नाही.

हा लेख लिहायचा ठरवल्यावर मी तिला फोन केला. ती आता चाळिशीकडे झुकली आहे, शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. मी परवानगी मागितली, ती तिने दिली. मग मी ते राहिलेलं वाक्यही सांगून टाकलं आणि इतकी वर्षं लपवलं म्हणून माफी मागितली.

मागे तिच्या शाळेतली पोरं ओरडत होती.

"मला माहीत होतं, सिस्टर," ती म्हणाली. "मी गल्लीत दिसले की काकी आत जायच्या. म्हणून मी मागच्या बांधावरून यायची. अजून तिकडूनच येते."